चोरिसाची माळ घरी आणल्यावर

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुंबई-पुण्याकडचं गिऱ्हाईक चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजची, माळ हातात घेतं आणि पहिला प्रश्न टाकतं, ‘फ्रीजबाहेर किती दिवस टिकेल?’ विकणारी बाई सहसा सांगते की महिनाभर काही होत नाही, टांगून ठेवा. तिच्या आईच्या, आजीच्या घरात तो खरोखर महिनोन्महिने टांगलेला असायचा, त्यामुळे ती फसवत नसते. पण त्या घरातला चोरीस जास्त सुकवलेला होता आणि तो ज्या चुलीवर टांगलेला होता ती चूल तुमच्या फ्लॅटमध्ये नाही. हे लक्षात न घेता माळ खिडकीच्या गजाला अडकवली की आठवड्याभरात तिच्यावर बुरशी चढते. कधी तर वरून काहीच दिसत नाही आणि आत मांस बिघडलेलं असतं. म्हणून ‘किती दिवस’ विचारण्याआधी ‘किती सुकलेला’ हे विचारायला हवं. साठवणीचं पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

चोरीस गोव्यात आला पोर्तुगिजांबरोबर. तिकडे तो वाइन आणि लाल मिरचीची सौम्य पूड घालून करतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची तिखट झाली. डुकराचं मांस आणि चरबी सुरीने बारीक कापायची, मीठ लावून ठेवायची, मग मिरची, आलं, लसूण, हळद, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी व्हिनेगरमध्ये वाटून त्या मसाल्यात मुरवायची. काही घरांत थोडी फेणी पडते, काही जण सोरा घालतात. मुरलेलं मांस धुतलेल्या आतड्यात भरतात आणि दोऱ्याने थोड्या थोड्या अंतरावर आवळत जातात, तेव्हा मण्यांची माळ तयार होते. त्यानंतर ऊन आणि धूर. या सगळ्या कृतीत शिजवणं कुठेच नाही. रंग लालभडक, वास मसाल्याचा, म्हणून चोरीस पाहताक्षणी तयार पदार्थ वाटतो, पण तो कच्चं मांसच असतो. घरी त्याच्याशी वागताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरून ठेवतात, म्हणजे आपली बेगमी. मे महिन्यात त्यासाठी खास फेस्तं भरतात. सुकी मासळी, मिरच्या, कांदे, आमसुलं यांच्या जोडीने चोरिसाच्या माळाही घरी येतात. समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, बाजार ओस, अशा दिवसांसाठी हा साठा. त्या काळासाठी केलेला चोरीस कडक उन्हात बरेच दिवस सुकवलेला असे. घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात चुलीच्या वर आडव्या बांबूवर जाई. खाली दिवसातून दोनदा-तीनदा लाकडं, नारळाची सोडणं जळत. त्या धुरातली काही द्रव्यं मण्यांच्या पृष्ठभागावर बसून बुरशीला अटकाव करतात आणि चरबी खवट होण्याचा वेग कमी करतात. माशाही धुराला भिऊन लांब राहतात. याहून मोठं काम चुलीची ऊब करते: बाहेर धो-धो पाऊस असला तरी चुलीवरची तेवढी हवा कोरडी राहते.

दमट हवेचं महत्त्व आपण कमी लेखतो. जुलैत कोकण-गोव्यात, मुंबईतही, हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांवर असते. इतक्या दमट हवेत सुकलेला पदार्थ सुकत राहत नाही, उलट हवेतलं पाणी ओढून घेतो. सुके बोंबील पावसाळ्यात मऊ पडतात, ते यामुळेच. चोरिसाचंही तसंच होतं. मे महिन्यात कडक असलेली माळ गॅसच्या शेगडीच्या घरात जुलैपर्यंत टांगून ठेवली, तर ती पुन्हा ओलसर होते आणि सुकवण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

आता पाण्याने नेमकं काय बिघडतं ते हिशेबाने पाहू, कारण हा हिशेब एकदा समजला की नियम पाठ करावे लागत नाहीत. समजा मांस-मसाल्याच्या मिश्रणात ६०० ग्रॅम पाणी आहे आणि मीठ ३० ग्रॅम. म्हणजे त्या पाण्यातलं मिठाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच. सुकताना त्यातलं ३०० ग्रॅम पाणी उडून गेलं. मीठ तेवढंच राहिलं, पण पाणी निम्मं झाल्याने प्रमाण नऊ टक्क्यांवर गेलं. एकाही चिमटीची भर न घालता तेच मीठ जवळजवळ दुप्पट जोराने काम करू लागलं. मांस नासवणारे बहुतेक जंतू इतक्या खारट पाण्यात वाढू शकत नाहीत, आणि व्हिनेगरचा आंबटपणा त्यांना आणखी जखडतो. मिरची, लसूण, लवंग थोडीफार मदत करतात, पण त्यांच्या भरवशावर मांस टिकत नाही. तिखट आहे म्हणजे टिकेल, ही समजूत सोडून द्यावी.

आज बाजारात येणारा बराचसा चोरीस पूर्वीच्या मानाने ओला असतो. गिऱ्हाइकाला रसदार, लवकर शिजणारा चोरीस हवा असतो. मागणी वर्षभराची आणि ऊन मात्र वर्षभर नाही. पावसाळ्यात केलेल्या माळेला तर धुराचाच काय तो आधार. हा ओला चोरीस चवीला उत्तम असतो, मला स्वतःला तो पावात भरून खायला जास्त आवडतो. त्याला जुन्या चोरिसाचं आयुष्य मात्र नसतं.

म्हणून घेतानाच पारखून घ्या. मणी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाबा. बोट आत रुतलं आणि खळगा तसाच राहिला, तर तो ओला. थोडा दबून परत वर आला तर अर्धवट सुकलेला. दाबला तरी जेमतेम हलला आणि आवरण मांसाला चिकटून सुरकुतलेलं असलं, तर तो सुका. एखाद्या मण्याचं आवरण कडक पण आतलं मांस लिबलिबीत लागतं. कडक उन्हात घाईने सुकवला की वरचा थर आधी वाळून बंद होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. असा मणी सुका दिसतो, पण तो ओल्यातच धरा. माळ नाकाशी नेऊन बघा: आंबूस, लसणाचा, धुराचा वास हवा. दोऱ्याच्या गाठींशी बोट फिरवा, तिथे चिकटपणा असेल तर माळ परत ठेवा, कारण बिघाडाला बहुधा गाठीपासूनच सुरुवात होते. आणि संकोच न करता विचारा, ‘बाय, ही माळ कधी भरली?’ बाजारातली बाई या प्रश्नाने रागावत नाही. उलट आजच शिजवायचा की ठेवायचा हे तिला सांगितलंत, तर त्याप्रमाणे वेगळी माळ काढून देते. पाकीटबंद चोरीस घेणार असाल तर त्यावर तयार केल्याची तारीख, साठवणीचं तापमान आणि अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का ते बघा.

प्रवासात माळ सर्वांत जास्त हाल सोसते. रात्रभराची बस किंवा कोकण रेल्वे म्हणजे दहा-बारा तास. सुका चोरीस वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवला तर हा प्रवास नीट निभावतो. ओला चोरीस मात्र बर्फाच्या पेटीतच आणावा. पेटी नसेल तर निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीजरमध्ये गोठवून, वर्तमानपत्राचे चार-पाच थर देऊन, जाड पिशवीत घट्ट भरावा आणि घरी पोचताच बाहेर काढावा. गाडीने येणाऱ्यांनी तो डिकीत टाकू नये. मे महिन्यात घाटात तासभर थांबलेल्या गाडीची डिकी इतकी तापते की तिथे मांस नासायला रात्र लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून तर कधीच आणू नये. चोरीस आत घाम सोडतो, तो घाम त्याच्याच अंगावर साचतो आणि घरी पोचेपर्यंत माळ बुळबुळीत होते.

घरी आल्यावर तासाभरात माळ हाताळावी. आधी हात साबणाने धुवावेत. हे स्वच्छतेचं नेहमीचं पालुपद म्हणून सांगत नाही, त्यामागे कारण आहे. माणसाच्या त्वचेवर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मिठाला दाद देत नाही. इतर जंतू मागे हटतात तितक्या खारट मांसातही तो वाढतो आणि उबदार हवेत विष तयार करतो. ते विष शिजवल्यानेही जात नाही. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे आपल्या घराघरांतलं वाक्य या बाबतीत अर्धंच खरं आहे. जंतू मरतो, विष राहतं.

माळ धुऊ नये. धुळीचा संशय असेल तर स्वच्छ फडक्याला व्हिनेगर लावून मणी पुसावेत आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावेत. मग दाबून बघा आणि ओला, अर्धवट, सुका असं ठरवा. माझा हिशेब असा आहे. ओला चोरीस फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापलीकडे ठेवायचा तर थेट फ्रीजरमध्ये. अर्धवट सुकलेला फ्रीजमध्ये दोन आठवडे. सुका, कडक असेल तर फ्रीजमध्ये दोन महिने. ही मुदत मी मुद्दाम आखडती धरली आहे, कारण घरी केलेल्या चोरिसातलं मीठ, आंबटपणा आणि पाणी कुणी मोजलेलं नसतं. फ्रीजबाहेर ठेवायचाच असेल तर फक्त सुका, फक्त पाऊस नसलेल्या महिन्यांत, हवा खेळती असलेल्या सावलीच्या जागी, जाळीच्या कपाटात, मणी एकमेकांना चिकटणार नाहीत असा टांगून, आणि तोही आठवडाभरच. फ्रीज असताना ही जोखीम का घ्यावी, हे मला तरी कळत नाही.

फ्रीजमधली जागाही महत्त्वाची. दाराच्या कप्प्यात कधीच नको, दार उघडलं की पहिली गरम हवा तिथेच लागते. सर्वांत खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवावा. म्हणजे चुकून थेंब गळला तरी तो शिजलेल्या अन्नावर किंवा कोशिंबिरीच्या भाज्यांवर पडत नाही. आत तापमान ४ अंशांच्या आत हवं. फ्रीजच्या चकतीवरचे १ ते ७ आकडे म्हणजे तापमान नव्हे. साधा फ्रीजचा तापमापक पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. उन्हाळ्यात खच्चून भरलेल्या फ्रीजमध्ये तो ८-९ अंश दाखवतो, हे पाहून अनेकांना धक्का बसतो.

माळ ठेवताना तिला श्वास घेता आला पाहिजे आणि फ्रीजभर वासही पसरता कामा नये. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यासाठी मणी आधी बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळावेत, मग झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवावेत. कागद ओल शोषतो, दोन-तीन दिवसांनी तो ओलसर लागला तर बदलावा. प्लास्टिकचे डबे लसूण-व्हिनेगरचा वास कायमचा धरून बसतात. ज्या घरात काही जण मांस खात नाहीत, तिथे या कामासाठी एक डबा, एक सुरी आणि एक फळी वेगळीच ठेवलेली बरी. घरातल्यांच्या मनाचाही त्यात मान राहतो.

अर्धवट सुकलेला चोरीस अजून थोडा सुकवायचा असेल तर बाल्कनीतल्या उन्हात घालू नका. शहरात धूळ, माशा, कावळे आहेतच, शिवाय ऊन पुरेसं नसलं की मांस सुकण्याऐवजी नुसतं उबतं आणि जंतूंचं फावतं. त्याऐवजी मणी सुटे करून ताटलीवर ठेवलेल्या तारेच्या जाळीवर मांडा आणि बर्फ न साचणाऱ्या फ्रीजच्या खालच्या फळीवर एक-दोन दिवस उघडेच ठेवा. अशा फ्रीजची हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे पाणी हळूहळू निघतं आणि वरचा थर कडक होऊन आतली वाट बंद होत नाही. तेवढे दिवस फ्रीजला वास येईल, तो सोसावा. दूध मात्र घट्ट झाकून ठेवा.

फ्रीजरबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. खारवलेलं मांस गोठवल्यावर जास्त टिकेल असा आपला अंदाज असतो, पण चवीच्या दृष्टीने ते साध्या मांसापेक्षा लवकर उतरतं. मीठ चरबीच्या खवटपणाला चालना देतं आणि ही क्रिया उणे १८ अंशांवरही सावकाश चालू राहते. चोरिसात चरबी भरपूर, मीठही भरपूर. गोठलेला चोरीस सहा महिन्यांनीही पोटाला बाधणार नाही, पण जुन्या तेलासारखा वास आला तर तो कुणाला खावासा वाटेल? दोन महिन्यांत संपवावा. खवटपणाला हवा लागते, म्हणून गुंडाळताना हवा बाहेर काढण्यावर सगळी मेहनत घ्यावी. एका वेळच्या स्वयंपाकाला लागतील तेवढेच मणी कापून बटर पेपरमध्ये घट्ट आवळावेत, वर जाड झिपची पिशवी, ती दाबून सपाट करावी, आणि तारीख पेनने लिहावी. अख्खी माळ एकत्र गोठवली तर दर वेळी ती सगळी बाहेर निघते, थोडी विरघळते, परत आत जाते. असं तीनदा झालं की फ्रीजरचा उपयोग राहत नाही. विरघळवताना ओट्यावर ठेवू नका, आदल्या रात्री खालच्या फळीवर काढून ठेवा. मणी अर्धवट गोठलेले असताना सुरीने उभी चीर दिली तर आवरण सोलून पटकन निघतं, हा एक जास्तीचा फायदा.

घरच्या यंत्राने निर्वात पाकीट करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. फ्रीजरसाठी ते फार चांगलं, खवटपणा बराच लांबतो. मात्र हवा काढली म्हणून पाकीट कपाटात ठेवता येतं, असा अर्थ कुणी काढू नये. तीच गोष्ट तेलाची. बरणीत चोरीस ठेवून वर तेल ओतलं की तो लोणच्यासारखा टिकेल, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. कृपा करून तसं करू नका. ओल्या मांसाला हवेपासून तोडून घरातल्या उबेत ठेवणं हे मांसातल्या सर्वांत घातक जंतूला आमंत्रण आहे.

त्या जंतूची ओळख सॉसेजमुळेच झाली. १८२० च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने त्या रोग्यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, नासक्या सॉसेजचा अर्क स्वतःच्या जिभेवर घेऊन पाहिला आणि हे विष हवाबंद अवस्थेत तयार होतं, हे ओळखलं. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं कच्चं हॅम खाल्लं, त्यांतले तिघे मेले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून जंतू वेगळा काढला. तोच बोट्युलिझमचा जंतू. त्याला हवा नको असते, ऊब आणि ओल हवी असते, पुरेसा आंबटपणा आणि मीठ असेल तर तो वाढत नाही. त्याचं विष तयार झालेल्या मांसाला वेगळा वास येईलच असं नाही. म्हणून वास घेऊन किंवा किंचित चाखून निर्वाळा देण्याची सवय सोडा. माळ किती वेळ कुठल्या तापमानात होती, हा पुरावा नाकापेक्षा भरवशाचा. चोरीस खाल्ल्यानंतर दीड-दोन दिवसांत कुणाला एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळताना किंवा बोलताना त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना सांगा.

दिसणाऱ्या खुणा ओळखणं सोपं आहे. पांढरे खरखरीत कण असतील आणि ओल्या बोटाने विरघळत असतील, तर ते मीठ. फ्रीजमध्ये मण्याच्या आत दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे थिजलेली चरबी. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी, बोटाला येणारी तार, कापल्यावर लालऐवजी करडा-हिरवट गाभा, फुगलेलं पाकीट, कुजका वास: यांपैकी एकही दिसलं की माळ गेली. वरचा भाग पुसून आतला वापरू असा विचार करू नका. ओलसर मांसात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

इथे एक गोंधळ होतो, कारण हल्ली शहरातल्या दुकानांत इटालियन सलामी आणि स्पॅनिश चोरिसोही मिळतात आणि त्यांच्यावर पांढरा भुरका थर असतो. तो मुद्दाम वाढवलेल्या बुरशीचा असतो, ती त्या पदार्थाचं रक्षणच करते. ते सॉसेज नियंत्रित हवेत आठवडेच्या आठवडे सुकवलेले असतात आणि बरेचसे न शिजवता खायचे असतात. अख्खं, न उघडलेलं, थंड कोरड्या जागी ठेवा असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर ते तसं टिकतं, मात्र मुंबईची मे महिन्यातली खोली थंडही नाही आणि कोरडीही नाही. फ्रीजमध्येच ठेवा. कापल्यावर उघडं तोंड बटर पेपरने झाकून तीन आठवड्यांत संपवा. नाव सारखं असलं तरी त्यांचे नियम आपल्या चोरिसाला लावू नयेत, विशेषतः कच्चं खाण्याचा. आणि कोल्ड स्टोअरमधले छोटे कॉकटेल सॉसेज ही तिसरीच जात: त्यांत टिकण्याजोगं सुकवणं झालेलंच नसतं, ते फ्रीजरचेच.

वीज गेली तर? फ्रीजचं दार उघडू नका. बंद दारामागे फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. वादळात किंवा पुरात याहून जास्त वेळ वीज गेली असेल, तर वीज आल्यावर पाकिटं दाबून बघा. आत अजून बर्फाचे खडे लागत असतील तर परत गोठवायला हरकत नाही. पूर्ण मऊ आणि कोमट झालेला ओला चोरीस टाकावा. पुरेसा थंड राहिला आहे, पण वीज बेभरवशाची आहे, अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे तो लगेच शिजवून टाकणं.

शिजवायला तो सोपा आहे. आवरण आणि दोरा काढून मांस मोकळं करायचं, चिरलेला कांदा, बटाट्याच्या फोडी आणि थोडं पाणी घालून झाकण ठेवायचं. तेल नको, त्याची चरबी पुरते. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजला की मांस मऊ होतं आणि लाल रस्सा सुटतो. आतपर्यंत ७१ अंशांची आच पोचली पाहिजे, उकळत्या रश्श्यात ती पोचतेच. नुसते तव्यावर परतून वर करपलेले आणि आत गुलाबी राहिलेले मणी मात्र खाऊ नयेत, गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना तर देऊच नयेत. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, कडक उन्हाळ्यात तासाभरात. तो तीन-चार दिवस चांगला राहतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. चोरिसाचा पुलाव केला असेल तर ही घाई आणखी गरजेची, कारण ओट्यावर राहिलेल्या शिजलेल्या भातात त्याचे स्वतःचे जंतू वाढतात आणि त्यांचं विषही परत गरम केल्याने जात नाही.

परदेशातल्या मुलांना, बहीण-भावांना माळ पाठवावीशी वाटणं मी समजू शकते. पण अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघातले देश आणि ऑस्ट्रेलिया भारतातून डुकराच्या मांसाचे पदार्थ सामानातून नेऊ देत नाहीत. हा नुसता कागदी जाच नव्हे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०२० मध्ये भारतात आला. माणसाला तो होत नाही, पण त्याचा विषाणू खारवलेल्या-सुकवलेल्या मांसातही महिनोन्महिने जिवंत राहतो आणि एका सॉसेजमधून दुसऱ्या देशातली वराहपालनं उद्ध्वस्त होऊ शकतात. त्यांना मसाल्याचं प्रमाण आणि कृती कळवा. तिथलं ताजं मांस आणून, तोच मसाला व्हिनेगरमध्ये वाटून, आतड्यात न भरता एक रात्र फ्रीजमध्ये मुरवून शिजवलं, तरी चव बरीच जवळ जाते आणि साठवणीचा प्रश्नच उरत नाही.

माळ टाकायचीच ठरली, तर ती सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्या-मांजरांपुढे ठेवू नका. बिघडलेलं मांस त्यांनाही बाधतं, आणि चोरिसातलं इतकं मीठ आणि लसूण चांगल्या अवस्थेतही त्यांना सोसत नाही. कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून ती ओल्या कचऱ्याच्या गाडीत सकाळी थेट द्या, रात्रभर दाराबाहेर ठेवू नका. जिथे ती ठेवली होती तो डबा, फळी आणि फ्रीजचा तो कप्पा गरम साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा पुसा, आणि पुढची माळ आणाल तेव्हा दाबून बघूनच आणा.